कालियांचा खटला दिल्लीतच अडला आहे

कारगिल विजय दिनाचा, म्हणजे जुलैचा शेवटचा आठवडा आला की, १९९९ च्या त्या युद्धात पाकिस्तानच्या ताब्यात छळून मारल्या गेलेल्या कॅप्टन सौरभ कालियांचे छायाचित्र फोनवर फिरू लागते. छायाचित्राखाली त्यांच्या देहावरच्या जखमांची यादी असते आणि यादीखाली पाकिस्तानला, सरकारला किंवा मानवाधिकारवाल्यांना उद्देशून चार कडक शब्द. पाठवणाऱ्याचा संताप खोटा नसतो. पण तो इतक्या वर्षांत एका साध्या चौकशीपर्यंतही पोचलेला नाही: या गुन्ह्याचा खटला भारतातल्या कोणत्या न्यायालयात चालला? कोणत्याच नाही. असा खटला चालवण्याची तरतूद करणारा कायदा मात्र आपल्या संसदेने १९६० सालीच केलेला आहे, म्हणजे कालियांच्या जन्माच्याही सोळा वर्षे आधी.

जखमांची यादी मी येथे देणार नाही. शवविच्छेदनात काय आढळले ते ज्याला ठाऊक नाही असा वाचक विरळाच असेल, आणि एका माणसाची ओळख त्याच्या छळाच्या तपशिलावरच यावी हे मला पटतही नाही. २९ जून १९७६ रोजी अमृतसरला जन्मलेला, हिमाचलातल्या पालमपूरला वाढलेला हा मुलगा डिसेंबर १९९८ मध्ये डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीतून अधिकारी होऊन बाहेर पडला. जाट रेजिमेंटची चौथी बटालियन मिळाली, पहिलीच नेमणूक कारगिलला. मे १९९९ मध्ये काकसर भागात बजरंग चौकीच्या बाजूला घुसखोर दिसल्याच्या खबरीवरून तो पाच जवानांना घेऊन गस्तीवर गेला. त्या पाच जणांची नावे अर्जुन राम, भंवरलाल बगारिया, भिखा राम, मूला राम आणि नरेश सिंग. १५ मे रोजी चकमक झाली, दारूगोळा संपला आणि सहाही जण जिवंत पकडले गेले. त्यांना शोधायला त्याच पलटणीचे कॅप्टन अमित भारद्वाज गेले, तेही परतले नाहीत. ९ जून रोजी पाकिस्तानने सहा मृतदेह भारताच्या स्वाधीन केले. सौरभच्या तेविसाव्या वाढदिवसाला तेव्हा वीस दिवस उरले होते.

फिरणाऱ्या मजकुरात त्या पाच जवानांची नावे सहसा नसतात. न्यायासाठीची लढाईही एकाच नावाने ओळखली जाते, याचे एक कारण उघड आहे. कालियांचे वडील डॉ. एन. के. कालिया हे शास्त्रज्ञ. निवृत्तीनंतर त्यांनी मंत्र्यांना, परदेशी वकिलातींना, आंतरराष्ट्रीय संस्थांना पत्रे लिहिली आणि २०१२ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. एवढे लिहिण्याचे आणि एवढी वर्षे टिकण्याचे बळ शेतकरी किंवा मजूर असलेल्या जवानाच्या बापाने कोठून आणायचे? गुन्हा राज्याविरुद्ध झालेला असताना त्याचा पाठपुरावा कुटुंबाच्या शिक्षणावर आणि चिकाटीवर सोपवला गेला, येथेच पहिली चूक आहे. पाठपुरावा हे सरकारचे काम होते.

आता मागणी काय आहे ते पाहू. गेली काही वर्षे एकच मागणी ऐकू येते: पाकिस्तानला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचा. ऐकायला ती जबरदस्त वाटते, म्हणून सर्वच पक्षांना ती विरोधी बाकांवर असताना आवडते. पण हेगचे दार बाहेरून कोणी लावलेले नाही. त्याला आतून कडी आपणच घातली आहे.

देशादेशांतले वाद चालवणाऱ्या या न्यायालयाला दोन्ही पक्षांची संमती लागते. भारताने १९७४ मध्ये आपली संमती नोंदवली, पण काही अपवाद ठेवून. राष्ट्रकुलातल्या, म्हणजे बहुतांशी पूर्वीच्या ब्रिटिश अमलाखालच्या देशांच्या संघटनेतल्या, देशांशी असलेले वाद तेथे जाणार नाहीत, हा त्यातला एक. सशस्त्र संघर्षाशी निगडित वाद जाणार नाहीत, हा दुसरा. कारगिल संपून जेमतेम पंधरा दिवस झाले होते तोच, १० ऑगस्ट १९९९ रोजी, भारतीय हवाई दलाने पाकिस्तानी नौदलाचे अटलांटिक विमान कच्छच्या हद्दीत पाडले. पाकिस्तान हेगला गेला. पाकिस्तानही राष्ट्रकुलात असल्याने भारताने तेथे तोच अपवाद पुढे केला आणि जून २००० मध्ये न्यायालयाने चौदा विरुद्ध दोन मतांनी तो मान्य करून प्रकरण काढून टाकले. आपण त्या निकालावर खूष झालो. ज्या भिंतीने आपल्याला अटलांटिक प्रकरणात वाचवले, तीच कालिया प्रकरणात आडवी येते. दोन्ही वेळा ती आपल्या सोयीने वागेल, ही अपेक्षा न्यायालयाकडून कशी करणार?

मे-जून २०१५ मध्ये या विषयावर गदारोळ झाला तेव्हा तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी जाहीर केले की हे प्रकरण अपवादात्मक आहे आणि हेगला जाता येईल का, हे सरकार सर्वोच्च न्यायालयाला विचारेल. मथळे झाले. प्रकरण हेगला गेले नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने १९७४ चे जुने निवेदन रद्द करून नवे दाखल केले. अपवाद काढून टाकायचा असता तर ती वेळ होती. उलट नव्या मजकुरात राष्ट्रकुलाचे आजचे सदस्यच नव्हेत तर पूर्वी कधी सदस्य असलेले देशही वगळले गेले. भिंतीवर आणखी एक थर चढला. या निवेदनाबद्दल जुलैमधल्या संदेशांत अवाक्षर नसते.

सरकारने असे का केले, हे समजायला फार खोलात जावे लागत नाही. पाकिस्तानसाठी हे दार उघडले की तो पहिल्याच दिवशी काश्मीरचा कागद घेऊन आत शिरेल. भारत-पाकिस्तानचे वाद दोघांनीच आपसात सोडवायचे असे ठरवणाऱ्या १९७२ च्या सिमला करारानंतरच्या प्रत्येक सरकारने हा धोका ओळखला आहे, आणि ते धोरण मला चुकीचे वाटत नाही. तक्रार आहे ती प्रामाणिकपणाबद्दल. कुटुंबाला स्पष्ट सांगायला हवे होते की देशाच्या एका मोठ्या हितासाठी आम्ही हेगचा रस्ता बंद ठेवणार आहोत, म्हणून तुमच्यासाठी दुसरा रस्ता काढू. सांगितले गेले ते असे, की बघू, विचारू, कायदेशीर अडचण आहे.

कुलभूषण जाधवांचे उदाहरण येथे हमखास येते. आपल्या मराठी घरांत तर येतेच. जाधवांसाठी हेगला गेलो, मग कालियांसाठी का नाही? कारण वकिलातीच्या संपर्काविषयीच्या व्हिएन्ना कराराला एक जोडपत्र आहे, त्यात वाद हेगला नेण्याची सोय आहे, आणि भारत-पाकिस्तान दोघांनीही त्यावर सही केलेली आहे. जाधवांचे प्रकरण त्या खिडकीतून आत गेले. जिनिव्हा करारांत तशी खिडकी नाही. त्यांनी वेगळा मार्ग आखून दिला आहे, आणि तोच आपण वापरलेला नाही.

१९४९ चा तिसरा जिनिव्हा करार युद्धकैद्यांबद्दल आहे. भारत आणि पाकिस्तान, दोघांनीही तो पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच स्वीकारला. युद्ध रीतसर जाहीर झालेले नसले तरी तो लागू होतो, त्यामुळे कारगिल हे ‘युद्ध’ होते की नाही हा काथ्याकूट निरर्थक आहे. कैद्याला माणुसकीने वागवायचे, त्याचा छळ करायचा नाही, हे त्यात आहेच. कमी ठाऊक असलेली दोन कलमे मात्र येथे जास्त महत्त्वाची आहेत. कैदी संशयास्पद रीतीने मेला तर त्याला पकडणाऱ्या देशाने तातडीने अधिकृत चौकशी करायची, साक्षी नोंदवायच्या, अहवाल द्यायचा आणि दोषींवर खटला भरायचा, असे एकशे एकविसावे कलम सांगते. कैद्याचा हेतुपुरस्सर खून किंवा छळ हा ‘गंभीर भंग’ असून असा भंग करणाऱ्याला, तो कोणत्याही देशाचा नागरिक असो, शोधून आपल्या न्यायालयापुढे उभे करणे हे प्रत्येक सदस्य देशाचे कर्तव्य आहे, असे एकशे एकोणतिसावे कलम म्हणते.

पहिल्या कलमाचा उपयोग आपण कधी धड केला नाही. डिसेंबर २०१२ मध्ये पाकिस्तानचे तत्कालीन गृहमंत्री रेहमान मलिक दिल्लीत आले असता म्हणाले की कालिया गोळीने मेले की हवामानाने, हे त्यांना माहीत नाही. देश भडकला, आणि भडकणे रास्तच होते. पण त्या वाक्याला भडकण्यापेक्षा चांगले उत्तर होते. तुमच्या ताब्यातून सहा मृतदेह आले. हवामानाने मेले असे तुमचे म्हणणे असेल, तर ताब्यात कोणी घेतले, कोठे ठेवले, कोणत्या डॉक्टरने तपासले, चौकशी अहवाल कोठे आहे? सिद्ध करण्याचा भार त्या क्षणी पाकिस्तानवर जायला हवा होता. आपण तो आपल्याच डोक्यावर ठेवला आणि ते खोटे कसे बोलत आहेत हे एकमेकांना पटवत बसलो.

घुसखोर हे आपले सैनिक नसून मुजाहिद आहेत, ही पाकिस्तानची १९९९ ची भूमिका तर पाकिस्ताननेच मोडीत काढली आहे. त्या मोहिमेतल्या कॅप्टन कर्नल शेर खान (‘कर्नल’ हा त्याच्या नावाचाच भाग) आणि हवालदार लालक जान यांना त्याने निशान-ए-हैदर हा सर्वोच्च सन्मान दिला. शेर खानच्या मृतदेहासोबत त्याच्या शौर्याची नोंद करणारी चिठ्ठी भारतीय ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी पाठवली होती. शत्रूच्या मेलेल्या अधिकाऱ्याला आपल्या सैन्याने कसे वागवले आणि आपल्या जिवंत अधिकाऱ्याला तिकडे कसे वागवले गेले, ही तुलना कोणत्याही न्यायालयात वजनदार ठरेल. पण त्यासाठी आधी न्यायालय हवे.

ते न्यायालय १९६० च्या जिनिव्हा करार अधिनियमाने दिले आहे. जिनिव्हा करारांचा गंभीर भंग भारतात किंवा भारताबाहेर कोणीही केला, तरी तो या कायद्याने गुन्हा आहे. कैद्याचा हेतुपुरस्सर खून केला असेल तर फाशी किंवा जन्मठेप, इतर गंभीर भंगांना चौदा वर्षांपर्यंत कैद. एवढा धारदार कायदा कपाटात पडून आहे, कारण त्याच्या सतराव्या कलमानुसार सरकारने फिर्याद केल्याशिवाय न्यायालय दखलच घेऊ शकत नाही. सैनिकाचा बाप फिर्याद करू शकत नाही, पलटण करू शकत नाही, मी-तुम्ही तर नाहीच. गोव्याच्या मुक्तीनंतर उद्भवलेल्या मोंतेरो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच सांगून टाकले की हा कायदा कोणाला स्वतःहून दाद मागण्याचा हक्क देत नाही. म्हणजे किल्ली एकच, आणि ती केंद्र सरकारच्या खिशात.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की मागणी बदलली पाहिजे. हेगचा हट्ट सोडून केंद्र सरकारने सतराव्या कलमाखाली सहा युद्धकैद्यांच्या छळाची आणि खुनाची फिर्याद भारतीय न्यायालयात दाखल करावी, हे मागायला हवे. त्यासाठी पाकिस्तानची संमती लागत नाही. सिमला कराराला धक्का लागत नाही. राष्ट्रकुलाचा प्रश्नच येत नाही. मुदतीचाही नाही, कारण एवढ्या गंभीर गुन्ह्याला आपल्या कायद्यात कालमर्यादा नसते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की आरोपी कोण? नावे कोठे आहेत? बरोबर आहे. पण अज्ञात इसमांविरुद्ध गुन्हा नोंदवून तपास करणे हे आपल्या पोलिसांचे रोजचे काम आहे. त्या काळात काकसरसमोर कोणती पाकिस्तानी तुकडी होती, तिचा प्रमुख कोण होता, हे लष्करी गुप्तचरांना कळले नसेल असे मला तरी वाटत नाही. वरिष्ठाची जबाबदारी हाही तपासाचा भाग होऊ शकतो. आरोपी हाती लागणार नाहीत हे मात्र मान्य. १९६० चा कायदा आरोपी भारतात सापडेल असे गृहीत धरून लिहिलेला दिसतो. पण जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५६ व्या कलमाने फरारी घोषित आरोपीवर त्याच्या गैरहजेरीत खटला चालवण्याची सोय केली आहे. ती येथे कितपत लागू पडेल यावर वकील भांडतील, आणि त्यांनी भांडावेच. निदान वाद तरी न्यायालयात होईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो बहुधा साउथ ब्लॉकमध्ये, म्हणजे परराष्ट्र खात्यात, कोणीतरी फार पूर्वीच फाईलवर लिहून ठेवला असावा. आपण असा खटला भरला तर उद्या लाहोर किंवा रावळपिंडीचे न्यायालय आपल्या सैनिकांवर खोटे खटले भरेल. भरेल, नक्कीच भरेल. पण ते आजही भरू शकते. जाधवांना लष्करी न्यायालयात फाशीची शिक्षा सुनावताना त्याने आपल्या पायंड्याची वाट पाहिली नाही. खोट्या खटल्याला उत्तर म्हणून पुराव्यांनी भरलेला खरा खटला हाताशी असणे हे नुकसान कसे? राहिला प्रश्न बांगलादेशसारखा खटल्यांचाच आखाडा होण्याचा. तेथे १९७१ च्या गुन्ह्यांसाठी न्यायाधिकरण उभे राहिले ते २०१० मध्ये, आणि चाळीस वर्षांनीही न्याय मागता येतो हे दिसले, तसेच सत्ताधारी पक्षाच्या हातात ते गेले की निकालावरचा विश्वास कसा उडतो हेही दिसले. म्हणूनच हे काम साध्या सत्र न्यायालयात, रोजच्या फौजदारी शिस्तीत व्हावे. खास न्यायाधिकरण नको, निवडणुकीच्या आधी तर मुळीच नको.

या उपखंडाला युद्धगुन्हे विसरण्याची जुनी सवय आहे, आणि त्यात आपणही आहोत. १९७१ च्या सुमारे ९३ हजार कैद्यांपैकी १९५ जणांवर बांगलादेशला युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे होते. पाकिस्तान तेव्हाही हेगला गेला होता. अखेर एप्रिल १९७४ च्या त्रिपक्षीय करारात ते १९५ जण सोडून देण्याचे ठरले, आणि तो व्यवहार दिल्लीतच झाला. शांततेसाठी मोजलेली ती किंमत होती, ती मोजायला नको होती असे ठामपणे म्हणणे अवघड आहे. पण कैदी छळला, मारला तरी पुढे कोणी विचारत नाही, हा धडा पाकिस्तानी लष्कराने त्यातूनच घेतला नसेल कशावरून?

त्याच युद्धातून न परतलेल्या आपल्या माणसांचे काय झाले ते आठवा. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे विमान ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानात पडले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. त्यांनी त्यानंतरची सगळी हयात नवऱ्याच्या शोधात घालवली. बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांना १९८३ आणि २००७ मध्ये पाकिस्तानी तुरुंग पाहायला नेले गेले, हाती काही लागले नाही. तेव्हाच्या बेपत्तांची सरकारी यादी चोपन्न जणांची होती. त्यांच्याबाबतीत आपण आवाज केला, शिष्टमंडळे पाठवली, संसदेत उत्तरे दिली. कायदेशीर नोंद म्हणावी असे काही उभे केले नाही.

नोंद म्हणजे नुसती कारकुनी असे कोणाला वाटत असेल तर कारगिलचेच दुसरे प्रकरण पाहा. फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता २७ मे १९९९ रोजी पकडले गेले. पाकिस्तानने त्यांना पकडल्याचे जाहीर केले, रेडक्रॉसचा संबंध आला आणि ३ जूनला ते सुटले. वीस वर्षांनी अभिनंदन वर्धमान यांची पकड साऱ्या जगाने पडद्यावर पाहिली आणि ते तिसऱ्या दिवशी वाघ्याला उभे होते. कैद्याचे नाव एकदा अधिकृतपणे नोंदले गेले की त्याला मारणे महाग पडते. करारानेही म्हणूनच कैदी छावणीत पोचल्यावर फार तर आठवडाभरात त्याच्या नावाचे कार्ड पाठवू देण्याचे बंधन घातले आहे. काकसरच्या सहा जणांची अशी नोंद कोठे झाली नाही. त्या तीन आठवड्यांत त्यांचे काय झाले, हे मारणाऱ्यांशिवाय कोणाला ठाऊक नव्हते.

एक अडचणीची गोष्टही बोलायला हवी. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मान्यता आजवर दिलेली नाही. पाकिस्तानने ती २०१० मध्ये दिली. छळ प्रतिबंधक विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे दिले आणि ते तसेच मेले. २०१७ मध्ये विधी आयोगाने पुन्हा शिफारस केली. आपल्या कोठड्यांत काय चालते ते उघडे पडेल, ही भीती त्यामागे आहे हे सगळे जाणतात. पाकिस्तानच्या वकिलाला उद्या बोट दाखवायला यापेक्षा सोपी जागा मिळणार नाही. सौरभ कालियांच्या छळाबद्दल ज्यांचे रक्त उसळते, त्यांना या विधेयकाबद्दल काही का वाटत नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही.

तेव्हा मागण्या दोन. सरकारने फिर्याद करावी. आणि सतराव्या कलमात दुरुस्ती करून, सरकारने ठरावीक मुदतीत निर्णय घेतला नाही तर मृत सैनिकाच्या वारसाला उच्च न्यायालयाच्या परवानगीने फिर्याद करता यावी. दोन्हीसाठी लागते ती संसदेत एका खासदाराने विचारलेल्या नेमक्या प्रश्नाची सुरुवात: १९६० च्या अधिनियमाखाली आजवर किती फिर्यादी दाखल झाल्या आणि कालिया प्रकरणात ती का झाली नाही? उशीर करण्यासारखी स्थिती नाही. ९ जून १९९९ रोजी मृतदेह ताब्यात घेणारे अधिकारी, शवविच्छेदन करणारे डॉक्टर, काकसरला पलटणीत असलेले जवान हे सारे आता निवृत्तीच्या वयाला पोचले आहेत किंवा ते ओलांडून गेले आहेत. त्यांच्या साक्षी शपथेवर घ्यायच्या असतील तर ते काम पुढच्या काही वर्षांतच व्हायला हवे.